शिंगाचं रान

गुंडूनं रानाची माती चाँदबीच्या ओंजळीत घातली, घराची कडी रशीदच्या हातात दिली, आणि जाता जाता गोणपाटात गुंडाळलेलं एक वाकडं बोचकं दोघांच्या मधी ठेवलं.

"ह्ये काय मामा?" चाँदबीनं विचारलं.

"शिंग हाय. पितळंचं."

"ते आमाला कशाला?"

"रानाबरूबर येतंय ते," गुंडू बोळक्या तोंडानं म्हणाला, आणि लेकीच्या गाडीत चढून बसला.

"रानाबरूबर म्हंजे? अवो मामा! रानाबरूबर म्हंजे काय?"

गाडी मुरगूडच्या वाटेला लागलेली. म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलंसुद्धा न्हाई. उलट बैलांना हाणा म्हणून जावयाच्या पाठीत ढोसणी दिली. चाँदबी गाडीमागं शंभरेक पावलं पळाली, मग धुळीत उभी राहिली. पळणारा माणूस काहीतरी लपवतोय एवढं तिला कळलं. काय लपवतोय ते कळलं न्हाई, आणि न कळलेली गोष्ट म्हणजे चाँदबीला अंगरख्यात शिरलेल्या मुंगीसारखी. काढल्याबिगर जेवण जायचं न्हाई.

तिचा नवरा रशीद पिंजारी. निपाणीचा. निपाणी इंग्रजाच्या मुलखात, ही तळसरवाडी महाराजांच्या. खांद्याला पिंजण अडकवून बारा वर्षं तो दरसाल थंडीच्या तोंडाला या गावात यायचा, लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजायचा, देवळामागच्या वळचणीला झोपायचा आणि पुढच्या गावाला जायचा. बारा वर्षांचा कापूस नाकातनं छातीत गेलेला. यंदा चाँदबी म्हणाली, आता फिरणं बास. गुंडूचं घर आणि शिवेवरचं दीड एकर रान, एवढ्यात बारा वर्षांची सगळी पुंजी संपली. मागं जायला निपाणीत आता खोपटसुद्धा उरलं न्हवतं.

त्यात सालही वंगाळ. गौरी गेल्या आणि पाऊसही गेला तो आलाच न्हाई. शाळू गुडघ्याला येऊन थांबलेला. डोंगराचं गवत आत्ताच पिवळं पडलेलं.

दुसऱ्या दिवशी भांगलताना चाँदबीनं बांधाशेजारच्या धोंडुबाईला धरलं. धोंडुबाई वरच्या आळीची, तोंडानं फाटकी, मनानं बरी.

"अक्का, हितं ऱ्हायला आलं म्हंजे सरकारला काय काय द्यावं लागतंय गं?"

"काय न्हाई ते इचार!" धोंडुबाईनं खुरपं मातीत खुपसलं. "रानाचा सारा. घराची पट्टी. डोंगरावर जनावर चारलं तर दर जनावरामागं चराई. धंदा आसंल तर हत्यारामागं येगळी. तुझ्या दाल्ल्याच्या पिंजणावर बी पडंल बघ."

"आन शिंगावर?"

धोंडुबाईचं खुरपं थांबलं.

"शिंगाचं पाटलाला इचार. मला न्हाई ठावं," असं म्हणून ती बाई चार सऱ्या पलीकडं जाऊन भांगलायला लागली. तिथं तण न्हवतंच.

आकाराम पाटील चावडीच्या कट्ट्यावर पाय चोळत बसलेला. वजनदार माणूस. बसला की कट्टा भरायचा.

"बस," तो म्हणाला. "गुंडूनं सांगिटलं न्हाई व्हय? बेरड म्हातारा! आगं, त्ये रान शिंगाचं हाय. जुन्या राजांच्या काळापास्नं. सरकारचा माणूस गावच्या शिवंवर पाय ठेवतोय न ठेवतोय तोवर रानवाल्यानं शिंग फुकायचं. गाव ऐकतंय, चावडीवर गोळा हुतंय. त्या बदल्यात रानाला सारा माफ."

"मंग ब्येसच की."

"ऐक पुढं. शिंग वाजलं न्हाई तर रान सरकारजमा. आन वाजलं, पर 'ह्यो रानवाला आमाला मान्य न्हाई' आसं गाव म्हणालं, तरी सरकारजमा. गुंडूचं दात पडलं, शिंगातनं नुस्ता वारा जायाला लागला. गेल्या खेपंला कारकुनानं त्येला दम दिलता. म्हणून इकलं त्येनं तुमाला."

पर चाँदबीच्या तोंडातनं निघाला तो प्रश्नच.

"पाटील, गाव गोळा करायला दवंडी हाय. मंग शिंग कशापायी?"

पाटलानं पाय चोळायचा थांबवला. बाईकडं नीट बघितलं. मग दुसरा पाय चोळायला घेतला.

शिंग घेऊन नवरा-बायको दुपारी रानात गेली. रशीदनं आधी ते राखेनं घासून चकचकीत केलं, कारण काम पुढं ढकलायचं होतं. मग तोंडाला लावलं. फुंकर मारली, आणि त्याला जो खोकला लागला तो बांधावर आडवा झाल्यावरच थांबला.

"माझ्या छातीत कापूस हाय गं," तो डोळं पुसत म्हणाला. "ह्ये माझ्यानं व्हायचं न्हाई. गेलं रान."

"थांबा वो जरा."

चाँदबीनं शिंग हातात घेतलं. आत डोळा लावून बघितलं. उलटं करून झटकलं, तर एक वाळकी गोम पडली. आधी नुसती फुंकर मारली, वारा आला. गाल फुगवले, थुंकी आली. ओठ आवळून धरले तर शेळी ठसकल्यागत आवाज आला आणि रशीद इतक्या संकटातही हसला. ती हट्टाला पेटली. ओठ सुजले, कानात दडे बसले, कपाळाची शीर उभी राहिली. आणि दिवस जरा कलल्यावर एका फुंकरीला ओठच आपसूक थरथरले.

भोंऽऽऽऽ!

आवाज असा निघाला, की टिटव्या उडाल्या. चाँदबी स्वतःच दचकून मागं सरली. मग तिनं आनंदानं आणखी दोनदा फुंकलं.

"चाँद," रशीद उठून उभा राहिला. "गावाला काय झालं बघ!"

शिवेवरनं गाव तळहातासारखं दिसत होतं. आणि त्या गावात वणवा पेटल्यागत पळापळ. वासरांचं आख्खं खांड डोंगराकडं हाणलेलं. बाया पाट्यांखाली कोंबड्या झाकून त्यावर बसकण मारत होत्या. कोष्ट्याचा केरबा मागाचा धोटा काखोटीला मारून उसात शिरला. कुणीतरी डोक्यावर पालथा हंडा घेऊन पळत होतं, ते समोरचं न दिसल्यानं म्हारुतीच्या पाराला जाऊन थडकलं, त्याचा ठण्ण आवाज इथवर आला.

चाँदबी बघत राहिली. तिच्या सुजलेल्या ओठावर हळूहळू हसू यायला लागलं.

"अगं बया! म्हणून व्हय शिंग!"

घटकाभरानं पाटील आला. धोतर पोटऱ्यांपर्यंत चिखलात माखलेलं. मागनं केरबा, धोंडुबाई आणि आणखी दहा-वीस माणसं.

"कोण आलंय? कुठं हाय कारकून?"

"कोण न्हाई पाटील. शिकत हुते."

"शिकत!" पाटलाचा आवाज चिरकला. "आगं ए बाई, माझी म्हस वढ्यात घालायला लावलीस की गं!"

"तुमी लपवताय व्हय सगळं?"

"लपवत न्हाई," पाटील जरा नरमला. "बाजूला ठेवताव. खानेसुमारी हाय यंदा. जनावरं, हत्यारं, भांडीकुंडी, समदं मोजून पट्टी बसणार. गवात न्हाई डोंगरावर आन चराई द्या म्हणं! आता आलीयास तर गावची रीत ऐक. साहेब शिवंवर आल्यावर फुकायचं न्हाई. पलीकडच्या गावातनं निघाला की फुकायचं. म्हंजे आमाला सवड घावतीया."

"आन त्येनं ऐकलं म्हंजे? रान जाईल माझं."

"न्हाई फुकलंस तर आमी चावडीवर 'मान्य' म्हणनार न्हाई. मंग बी जाईल."

वाऱ्यानं शाळूची पानं वाजत होती. रशीद खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बारा वर्षं या माणसांच्या उशा त्यानं फुलवलेल्या. त्यातलं एक तोंड त्याच्या बाजूनं उघडलं न्हाई.

चाँदबीनं एकेकाकडं बघितलं. "डोंगर किती लांब हाय तुमाला?"

"वासरं हाणायला अर्धा तास तर लागतोयच," केरबा म्हणाला.

"आन गुंडूमामाचं, म्हंजे आता आमचं घर?"

"गावाच्या टोकालाच की."

"त्यात कारकून जातोय?"

"कशाला जाईल? शिंगवाल्याच्या घरात आजवर कोण डोकावलं न्हाई," पाटील म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं धोंडुबाईकडं बघितलं, धोंडुबाईनं केरबाकडं.

"मंग मी शिवंवरच फुकते, सरकारच्या कायद्यानं," चाँदबी म्हणाली. "तुमी माझ्या घरात ठेवा काय ठेवायचं ते. डोंगर चढायला नगं. पर चावडीवर 'मान्य' म्हणायचं. हाय कबूल?"

"कबूल!" पाटील इतक्या मोठ्यानं ओरडला की टिटव्या पुन्हा उडाल्या.

कारकून आला तो पाचव्या दिवशी, सकाळच्या उन्हात. फाटक्या छत्रीचा, हडकुळा माणूस. तट्टू लंगडत होतं म्हणून हातात लगाम धरून पायीच चाललेला. मागं एक शिपाई, डोक्यावर दप्तराचं गाठोडं. शिवेच्या दगडाशी येऊन कारकून थांबला, वहाण काढून खडा झटकला आणि चाँदबीकडं बघितलं.

"गुंडू कुठं आहे?"

"रान आमी घेतलं साहेब. माझ्या मालकांना दमा हाय. मी फुकते."

कारकुनानं दप्तर सोडून एक कागद काढला. वाचला. "रान करणारानं वाजवावे, एवढंच आहे यात. वाजवा."

चाँदबीनं वाजवलं. तट्टू दोन पायांवर उभं राहिलं. कारकुनानं कानातली करंगळी काढून "उत्तम" म्हटलं आणि चालायला लागला.

आता खरं काम होतं. गावाला सवड पायजे होती.

"साहेब, पाणी घ्या. उनाचं आलाय. भाकरी हाय, लसणाची चटणी हाय. बसा की जरा."

कारकून बाभळीखाली बसला. चाँदबीनं तांब्या पुढं केला आणि तोंड उघडलं. घर विकत घेतलं तर कागदावर नाव कधी लागतंय? नाव लागलं न्हाई तर पट्टी कुणाच्या नावानं येतीया? इंग्रजाच्या मुलखातनं माणूस आला तर त्येला येगळं काय पडतंय का? पिंजणाला दोन ताती असल्या तर हत्यार एक का दोन? शेळी गाभण आसंल तर चराई एकीची का दोघींची? आन आत दोन करडं निघाली तर?

कारकून आधी हूं-हूं करत होता. गाभण शेळीपाशी त्याचा घास हातातच राहिला.

"बाई, पंधरा वर्षं मी हे काम करतो," तो म्हणाला. "लोक माझ्यापुढं रडतात, भांडतात, पाया पडतात. पट्टी म्हणजे काय, कशाची, हे आजवर एकानंही विचारलं नाही. गाभण शेळी एकच धरायची."

मग तो खुलला. सगळं समजावून सांगायला लागला. सारा कशाचा, माफी कशी मिळते, दुष्काळात तहकुबीचा अर्ज कुणाकडं करायचा. चाँदबी आधी सवडीसाठी ऐकत होती, मग खरंच ऐकायला लागली. तिकडं गावातनं तिच्या घराकडं धुळीचा लोट चाललेला तिला तिरक्या डोळ्यानं दिसत होता.

"आणि एक ध्यानात ठेवा," कारकून हात धुता धुता म्हणाला. "शिंगाची माफी रानाला आहे, घराला नाही. गुंडूचं घर म्हातारपण बघून सोडत होते. आता तुम्ही नवे रहिवासी. नव्या रहिवाशाचं घर सगळ्यात आधी मोजायचं, असा नियम. चला, दाखवा."

चाँदबीच्या हातातला तांब्या सुटला.

"साहेब, आनखी एक इचारायचं हुतं..."

"वाटेत विचारा."

वाटेत तिनं सतरा प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर तिच्या कानात शिरलं न्हाई.

गाववाल्यांनी बाहेरनं घातलेली कडी काढली ती शिपायानं. दार उघडलं आणि आतनं पांढरा ढग बाहेर आला. पिंजलेला कापूस. त्या ढगातनं कोंबड्या निघाल्या, एकामागं एक, कापसानं माखलेल्या, भुतं झाल्यागत. सोप्यात शेळ्या कोंबलेल्या. त्यातली एक रशीदच्या गादीवर उभी राहून गादी खात होती. माळवदाच्या खांबाला पाच वासरं. चुलीपाशी हंड्यावर हंडे, त्यावर केरबाच्या मागाचा धोटा. आणि मधोमध, मांडीवर पिंजण घेऊन, भुवयांना कापूस लागलेला रशीद.

"सलाम साहेब," तो म्हणाला, आणि खोकला.

कारकून उंबऱ्यावरच उभा राहिला. परड्यातनं म्हशीचं हंबरणं आलं तेव्हा त्यानं मान तिकडं वळवली.

"हे सगळं तुमचं?" त्यानं चाँदबीला विचारलं.

गल्लीच्या तोंडाशी गावातली माणसं येऊन उभी राहिलेली. पुढं धोंडुबाई, तोंडावर पदर. न्हाई म्हणावं तर अख्खं गाव चोर ठरतंय, आणि मग 'मान्य' म्हणायला कोण उरतंय? व्हय म्हणावं तर एवढ्या जनावरांची चराई रशीदच्या बोडक्यावर. चाँदबीनं कोरड्या ओठांवरनं जीभ फिरवली. ओठ अजून सुजलेलेच होते.

"व्हय," ती म्हणाली. "आमचंच."

कारकुनानं मोजलं. शिपाई ओरडत होता, कारकून लिहीत होता. चाँदबीचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला, आणि सगळी वरात चावडीवर आली.

आकाराम पाटलानं कट्टा झाडून ठेवलेला. कारकुनानं रिवाजाप्रमाणं पहिल्यांदा पाटलाचाच जबाब घेतला.

"दोन बैल. बास," पाटील छातीवर हात ठेवून म्हणाला. "देवाशप्पत साहेब, दुसरं जनावर दारात न्हाई."

ते लिहिलं गेलं. सही झाली. मग कारकुनानं गावापुढं रशीद पिंजाऱ्याचा कागद वाचला. शेळ्या एकवीस. वासरं पाच. म्हैस एक. हंडे नऊ. पिंजण एक. विणकामाचं हत्यार एक. कोंबड्यांवर पट्टी न्हवती, तरी त्यानं त्याही वाचल्या, त्रेचाळीस. गाव मान खाली घालून ऐकत होतं. कुणाच्या मिशीखाली हसू, कुणी बोटांवर आपली जनावरं मोजतंय.

"शिंग वेळेवर वाजलं, मी साक्षी आहे," कारकून म्हणाला. "आता गावाला हा रानवाला मान्य आहे का?"

पाटलानं उगाच घसा खाकरला. गडी फुशारकीत आलेला. पट्टी गेली पिंजाऱ्याच्या माथी, आपली कातडी वाचली, आता 'मान्य' म्हटलं काय आणि न्हाई म्हटलं काय. "आता बघा साहेब," तो लांबण लावत म्हणाला, "बाईमाणसानं शिंग फुकायचं म्हंजे, गावाला जरा इचार..."

"साहेब," चाँदबी मधीच बोलली. "मला एक इचारायचं हाय."

"विचारा, विचारा."

"आता कागदावर जे माझ्या घरचं म्हणून लिवलं, ते मी मुरगूडच्या बाजारात नेऊन इकलं तर चालतंय?"

धोंडुबाईच्या तोंडावरचा पदर गळला.

"तुमचं आहे, पट्टी तुम्ही भरणार. खुशाल विका," कारकून म्हणाला. "कोण अडवणार?"

"मान्य हाय!" धोंडुबाई किंचाळली. "मान्य हाय साहेब! काय शिंग वाजिवती ती! लिवा, लिवा लवकर!"

"मान्य!" केरबा ओरडला. मग सगळेच ओरडले. पाटलालाही ओरडावं लागलं. कारकुनानं लिहिलं, फुंकर मारून शाई वाळवली आणि कागद चाँदबीच्या हातात दिला. रान तिचं झालं. तिनं कागद पदरात बांधला, गाठीवर गाठ मारली.

"आणि त्या यादीतलं कुणाचं काही असेल," कारकून दौतीत टाक बुडवत म्हणाला, "तर आज सांगितलं तर फक्त पट्टी. उद्या सांगितलं तर दंडही."

मग धोंडुबाई पुढं झाली, कानापर्यंत लाल.

"त्यातली काळी शेळी माझी हाय साहेब. आन तिच्या मागची बांडी. गाभण हाय, एकच धरा."

"मागाचा धोटा माझा," केरबा म्हणाला.

मग रांगच लागली. शेळी माझी, हंडा माझा, वासरू आमच्या थोरल्याचं. कारकून खोडत होता, लिहीत होता. ऊन डोक्यावर आलं. यादी आखडत आखडत पिंजण सोडून खाली एकच ओळ उरली.

"म्हैस एक," कारकून म्हणाला. "कुणाची?"

आकाराम पाटील आढ्याकडं बघत होता. आढ्यात बघण्यासारखं काही न्हवतं. देवाची शपथ घेतलेली, सही केलेली, आणि त्या सहीवरची शाई अजून ओलीच होती.

"मंग ती माझीच म्हणायची," चाँदबी म्हणाली. शिपायानं म्हैस कट्ट्यापर्यंत आणून बांधली होती. काळीभोर, कासंला भरलेली, कपाळावर पांढरा ठिपका. चाँदबीनं तिच्या मानेखाली खाजवलं तशी म्हशीनं डोळे मिटून घेतले. दुष्काळात असलं जनावर कुणाच्या नशिबी येतंय? चाँदबीला खरंच नवल वाटत होतं. जनावर दारात आलं आणि आपल्याला त्याचं काहीच ठाऊक न्हाई. किती दूध देती, काय खाती, आंबोण लागतंय का सरकी.

ती पाटलाकडं वळली.

"पाटील, हिला काय नावानं हाक मारावी वो?"

"चंद्री," पाटील म्हणाला.

म्हशीनं कान टवकारले, पाटलाकडं बघितलं आणि हंबरली.

कारकुनानं बांधत आणलेलं दप्तर पुन्हा सोडलं.